जामीनदाराचं नाव

काकाजी,

तुमची तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी वडशाहून बँकेचा फोन आला. माणूस सभ्य होता. आधी 'फार वाईट झालं' म्हणाला, मग म्हणाला की शिक्षणाच्या कर्जाचे जामीनदार वारले असतील तर महिन्याभरात दुसरा जामीनदार द्यावा लागेल, पगाराचा किंवा पेन्शनचा कागद असलेला. तसं कोणी नसेल तर स्वतःच्या पगाराची चिठ्ठी आणा, पण आत्ता आहे त्यापेक्षा जरा बरी. मी 'हो सर, हो सर' करत यादी लिहून घेतली. दोन फोटो. आधार कार्ड. मृत्यूचा दाखला. खाली रेघ मारली आणि चहा पिऊन टाकला. तो गार झाला होता हे मला कप खाली ठेवल्यावर कळलं.

सध्या असंच चाललंय. लोक भेटायला येतात, माझ्या तोंडाकडे बघतात आणि ते कोरडं दिसल्यावर जरा नाराज होतात. मावशी आईला विचारून गेली, "पोरगी रडली का नाई अजून?" जणू ते औषध आहे आणि मी घ्यायचं टाळतेय. खरंच काही होत नाही हो. तुमच्या खोलीचं दार उघडं दिसलं की मी ते ओढून घेते, कारण मांजर आत जातं. एवढंच.

तुम्ही गेलात शनिवारी. आदल्या दिवशी मी गडचिरोलीहून फोनवर म्हणाले होते की रविवारी घरी येते आणि सांगते. काय सांगायचं होतं ते आपल्या दोघांनाच ठाऊक. हैदराबादच्या एका कंपनीत मला नोकरी मिळत होती. ग्राहकांच्या तक्रारी वाचायच्या, त्यांना गोड शब्दांत उत्तरं लिहायची, महिन्याला अडतीस हजार. गडचिरोलीत मी एका छोट्या संस्थेत आहे. कोणत्या गावाचा कोणत्या तलावावर काय हक्क होता ते जुन्या नोंदींतून हुडकायचं आणि गावाच्या वतीने अर्ज लिहायचे. काम मनासारखं, पगार अठरा हजार. तुम्ही म्हणालात, "घे ना बाई ते नोकरी. कायचा इचार करून राह्यली? फिटून जाईन एकदाचं." मी म्हटलं, रविवारी सांगते. तुम्ही म्हणालात, "सांगजो मंग."

रविवारी मी आले ती तुम्हाला पोचवून आलेल्या लोकांच्या अंघोळी चालू असताना.

तुम्ही माझे जामीनदार झालात तो दिवस आठवतो का? बाबा आयुष्यभर तलावात मासे धरणारे, त्यांच्याकडे पगाराचा कागद कुठून येणार? घरात सरकारी पेन्शन एकट्या तुम्हाला. आलापल्लीच्या डेपोत तीस वर्षं सागाची लाकडं मोजली तुम्ही, टेप लावायच्या आधी नुसत्या नजरेने गोलाई सांगायचात. त्या दिवशी रिटायर होऊन चार वर्षं झाली असताना तुम्ही खाकी शर्ट इस्त्री करून घातलात. सायेबाले कळलं पायजे, म्हणालात. बँकेतल्या साहेबाने अर्ज चाळला, चष्मा वर केला आणि विचारलं, "लिबरल आर्ट्स म्हणजे बीएच ना? अर्धी फी माफ असून बीएला साडेसात लाख?" तुम्ही काय बोललात ते मी पुण्यात चार वर्षं मैत्रिणींना नक्कल करून दाखवत होते. "सायेब, पैसे बँकेचे, जामीन माहा, शिकणार माही पोरगी. तुमाले कायचा तरास हाय?"

साहेबाने सही घेतली. आपण बाहेर आलो, बसमध्ये बसलो आणि तुम्ही गावापर्यंत मला झोडपलंत. "साडेसात लाख! बीएले! अवं, वडशाले फुकटात होते बीए. अन् शिकून तू होशीन काय?" मी म्हटलं, काकाजी, तिथे सगळं शिकवतात, इतिहास, समाज, भाषा, अर्थशास्त्र. तुम्ही म्हणालात, "सगळं म्हणजे काईच नाई. डेपोत 'झाड' असं लिहून कोणी पावती फाडते का? साग लिहा लागते, का बिजा, का ऐन." मग जरा वेळाने हळूच विचारलंत, पगार किती मिळतो म्हणून. मी कॉलेजच्या माहितीपुस्तकात छापलेला आकडा सांगितला. पंचेचाळीस हजार. "नक्की?" नक्की, काकाजी. मला काही नक्की माहीत नव्हतं. मला फक्त जायचं होतं.

परक्यासमोर माझ्या बाजूने आणि घरात माझ्या विरुद्ध. हा तुमचा कायमचा पक्ष. दर सुट्टीत मी आले की पहिला प्रश्न तोच. "शेजारची माया नर्स झाली. तिच्या भावानं आयटीआय केलं, वायरमन झाला. तू काय झाली?" पहिल्या वर्षी मी हसायचे, दुसऱ्या वर्षी समजावायचे, नंतर चिडायचे. एकदा मी तुमचंच शस्त्र तुमच्यावर चालवलं. म्हटलं, तुम्हीच सांगता ना, आलापल्लीच्या जंगलात साग लावतो त्याला तो तोडलेला दिसत नाही, इतकी वर्षं लागतात म्हणून? मग माझ्या शिक्षणाला पण वेळ लागेल. तुम्ही सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणालात, "सागवानाले हप्ता नसते, पोरी."



आता तलावाचं बोलते, कारण भांडणाचं मूळ तिथेच आहे. आपल्याकडे विकायची मासळी वजनकाट्यावर जाते, पण जाळ्याच्या शेवटच्या ओढीची मासळी घरांसाठी असते आणि ती वाट्याने वाटतात. रिटायर होऊन आल्यापासून पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, गवत अंथरून वाटे तुम्हीच लावायचात. रोहूचं डोकं इकडे, शेपूट तिकडे, वर मूठभर झिंगे. काटा नाही, माप नाही, आणि दहा घरांत कधी कुरबुर नाही. सगळे म्हणायचे, सदाशिवच्या हातात तराजू हाय. त्याच्याही आधीपासून, मी सात वर्षांची असल्यापासून, माझं काम ठरलेलं. वाट्यांकडे पाठ करून उभं राहायचं. मागे वाटा लावणारा एकेका ढिगावर हात ठेवून विचारणार, "हा कोणाचा?" आणि मी न बघता एकेक नाव घेणार. ज्याचं नाव तो म्हणणार, "माहा." दहा घरांची दहा नावं, आणि सगळ्यांत शेवटी अकरावं नाव, जाळं. ज्याचं जाळं पाण्यात उतरलं त्याच्या घरी तो जास्तीचा वाटा जायचा.

आणि नावं कशी, तर नुसती. भाऊ नाही, काका नाही. पाळीवर नातं लावलं की वाटा वाकडा होतो, म्हणून. एरवी तुमच्या चपलेवर पाय पडला तरी मी पाया पडायचे, पण तिथे पाठ करून खणखणीत ओरडायचे, "सदाशिव!" आणि मागून तुमचा आवाज यायचा, अगदी गरिबासारखा, "माहा, बाई." मला फिदीफिदी हसू यायचं. तुमचा नंबर चौथा असायचा. बाबा पहिले, लक्ष्मणभाऊ दुसरे, चौथे तुम्ही.

पुण्यात दुसऱ्या वर्षाला एका तासाला बाई फळ्यावर लिहीत होत्या, माणसं एकमेकांत वस्तू कशा वाटून घेतात त्याबद्दल. मी तोवर वर्गात तोंड उघडलेलं नव्हतं. इंग्रजीची भीती, आणि बाकीच्यांनी इतकं जग पाहिलेलं. त्या दिवशी माझा हात आपोआप वर गेला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी पाठ करून नावं घ्यायचं सांगितलं. बाईंनी खडू खाली ठेवला आणि मला पुढे बोलावलं. मी वर्गाकडे पाठ करून उभी राहिले आणि दहा नावं म्हणून दाखवली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी तिथे रिकाम्या हाताने आलेली नाही. काकाजी, साडेसात लाखांत मला काय मिळालं असं तुम्ही विचारायचात ना? हे मिळालं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण हप्त्याच्या समोर ठेवायला ते फार छोटं वाटायचं.

त्याच विषयावर मी शेवटच्या वर्षी मोठा निबंध लिहिला. तुम्ही पाळीवर बसून मला सगळं सांगितलंत, दोन सुट्ट्या घालवल्यात. डिग्री घेऊन आले तेव्हा तुम्ही म्हणालात, वाचून दाखव. इंग्रजी वाचायचं आणि लगेच मराठीत सांगायचं, असं मी दुपारभर केलं. जाळ्याचा वाटा म्हणजे जाळ्याचं भाडं, असं मी लिहिलं होतं. तुम्ही तिथेच अडवलंत. "भाडं? कोणी सांगतलं तुले? जाळं फाटते. मंग पावसाळ्याचे दोन महिने चार माणसं त्याले शिवत बसतात, त्यायच्या जेवणाचा हाय तो वाटा. माणसानं वापरलं तं त्याले दुरुस्त बी करा लागते."  निबंध तर जमा झाला होता, वर्गात सगळ्यांत जास्त मार्कही मिळाले होते. हे कळल्यावर तुम्ही खो खो हसलात. "चुकीचं लिहून पैली आली? मंग सोपं हाय तुहं कालेज!"

मीही हसले. पुढच्या पानापर्यंत. पुढच्या पानावर तुम्ही विचारलंत, "हे रामदास रामदास कोण होय? आपल्या गावात तं नाई."

मी म्हटलं, काकाजी, ते तुम्हीच.

संशोधनात माहिती देणाऱ्याचं नाव बदलतात, त्याला पुढे त्रास होऊ नये म्हणून, नियमच आहे, असं मी तुम्हाला समजावलं. तुम्ही म्हणालात, "माह्यावर कोण केस करून राह्यलं?" मी परत म्हटलं, नियम आहे. तुम्ही माझ्या हातातली पानं मिटलीत. मग म्हणालात, "बँकेच्या कागदावर माहं खरं नाव लावलं. तिथी नाई लपवलं. अन् जिथी माह्या हातचं काम हाय, तिथी दुसऱ्याचं?"

नियम आहे, मी तिसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना मला चांगलंच ठाऊक होतं की मी विचारलं असतं तर बाईंनी खरं नाव ठेवू दिलं असतं. मी विचारलंच नव्हतं. गोतावळ्यातल्या कोणाची परवानगी घ्यायची, कशासाठी घ्यायची, ते कागद कोण भरणार, असं करत मी एक सोपं नाव टाकून दिलं. हे मी तुमच्यापाशी कबूल केलं नाही. तुम्ही परत तो विषय काढला नाही, आणि मला वाटलं, विसरले.

यंदाच्या संक्रांतीला आपलं शेवटचं मोठं भांडण झालं. अंगणात तुम्ही सुपात लाखोळीचे दाणे घेऊन बसलात. एक दाणा म्हणजे हजार रुपये. "पंचेचाळीस म्हणाली होती, अठराच निघाले. चाल, यायचेच वाटे लावू." पहिला वाटा बँकेच्या हप्त्याचा, साडेनऊ. अर्धा दाणा तुम्ही अडकित्त्याने कापलात, नेमका अर्धा. मग तीन दाणे खोलीभाड्याचे, तीन मेसचे, एक गाडीभाड्याचा आणि मोबाइलचा. उरलेला दीड दाणा तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात. "घे. हे तुही डिग्री." मला इतका राग आला की मी हात झटकला. दाणे अंगणभर झाले, कोंबड्या धावत आल्या. तुम्ही म्हणालात, "घे, तेवढे बी गेले."

मी त्या दिवशी खूप बोलले. म्हटलं, तुम्हाला मोजता येतं तेवढंच दिसतं. तुम्हाला माझी लाज वाटते. तुम्ही सही करून मला विकत घेतलंय का? काकाजी, हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. तुम्ही उठलात, सूप भिंतीला टेकवून ठेवलंत आणि आईला म्हणालात, जेवायला वाढ. जेवताना माझ्या ताटात नेहमीसारखा मरळीचा पोटाचा तुकडा टाकलात. मी तो खाल्ला. माफी मागितली नाही.

आज रविवार. सकाळी लक्ष्मणभाऊ घरी आले आणि बाबांना म्हणाले, सुतक फिटलं, पाणी उतरून राह्यलं, आज जाळं टाकू. जाळं तुमचंच न्यायचं ठरलं, कारण गावात तेवढं मजबूत दुसरं नाही. मी पण गेले. घरात बसून तुमचं दार ओढत राहण्यापेक्षा बरं.

शेवटच्या ओढीनंतर लक्ष्मणभाऊंनी गवत अंथरलं आणि वाटे लावायला घेतले. त्यांचा हात तुमच्यासारखा नाही. दोनदा इकडचा मासा तिकडे केला. ढीग दहाच होते, नऊ घरांचे नऊ आणि एक जाळ्याचा. राहायला-जेवायला आमच्यात असलात तरी वाट्यात तुमचं घर वेगळं, आणि त्यात तुम्ही एकटेच होता, काकू जाऊन किती वर्षं झाली, तेव्हा तुमचा वाटा आता बंद. हे मला कोणी सांगितलं नाही. सांगायची गरज आहे असं कोणाला वाटलंही नसेल. भाऊ म्हणाले, "पाठ कर, बाई." मी पाठ केली. समोर पळसाची झाडं होती, बिनपानांची, नुसत्या फुलांची.

"हा कोणाचा?" बाबांचं नाव घेतलं. "माहा." "हा कोणाचा?" लक्ष्मण. "माहा." तिसरं नाव. "माहा." "हा कोणाचा?"

"सदाशिव!"

अगदी खणखणीत. सात वर्षांची असताना नावं ओरडायचे तसं. आणि मग मी थांबले, तुम्ही 'माहा, बाई' म्हणायची वाट बघत. खरंच वाट बघत होते. मला काही चुकलं असं वाटलंच नाही. मागे इतकं शांत झालं की ढिगातल्या एखाद्या जिवंत माशाची शेपटी गवतावर आपटलेली ऐकू आली. तेव्हा कळलं. मला वळून बघायचं होतं, पण नावं संपेपर्यंत वळायचं नसतं.

लक्ष्मणभाऊ घसा खाकरून म्हणाले, "राहू द्या. जाळं त्याचंच होय. जाळ्याचा वाटा झाला समजा." आणि पुढच्या ढिगावर हात ठेवला असावा, कारण लगेच आवाज आला, "हा कोणाचा?" मी पुढची नावं घेतली. शेवटी जाळं म्हणायची गरज पडली नाही. हिशेब बरोबर जुळला.

तो वाटा टोपलीत घालून मी घरी आणला. आईने विचारलं, किती आले? मी म्हटलं, दोन वाटे, बाबांचा आणि काकाजींचा.  तिने तुमचा वाटा वेगळ्या भांड्यात ठेवला आणि म्हणाली, पावसाळ्यात जाळं शिवायला बसतील त्यायले जेवण घालू, तवा हे फेडू.

तर आता सांगते, काकाजी. दोन आठवडे उशीर झाला. मी हैदराबादला जातेय. दुपारीच कंपनीला कळवलं. दीड दाण्यात जगता येत नाही, तुमचा हिशेब बरोबर होता. दुसरा कागद देईपर्यंत बँकेच्या लेखी तुम्हीच माझे जामीनदार राहाल, आणि मेलेल्या माणसाच्या नावावर माझं ओझं ठेवायला मला आवडत नाही. बाबांना कोणाच्या दारात कागद मागायला पाठवणार नाही. अडतीसची चिठ्ठी आली की बँकेत नेऊन देईन. तक्रारींना गोड उत्तरं लिहीन. कर्ज फिटलं की परत येईन. येईन का, ते मला आज खरंच माहीत नाही, आणि तुम्हाला 'नक्की' म्हणून एकदा फसवलंय, तेव्हा परत म्हणत नाही. ही डिग्री घेऊन चूक केली का? तुम्ही विचारलं असतं तर आजही मी नाही म्हटलं असतं, आणि तुम्ही आजही दाणे काढून बसला असता. हे भांडण तसंच राहू द्या. संपलं तर माझ्याकडे तुमचं काय उरेल?

संध्याकाळ व्हायच्या आत मी तुमच्या खोलीत जाऊन बसले. मांजरही आलं, येऊ दिलं. पुण्याच्या बाईंना दोन ओळी लिहिल्या, निबंध गडचिरोलीच्या संस्थेच्या पुस्तकात छापायचाय, खरं नाव घालायचंय, चालेल का. उत्तर लगेच आलं, हो, कधीच विचारायला हवं होतंस. मग निबंध उघडला. आधी 'भाडं' काढून टाकलं आणि तिथे लिहिलं की जाळ्याचा वाटा जाळं शिवणाऱ्यांच्या जेवणाचा असतो. मग रामदास शोधला. अकरा ठिकाणी निघाला. एकेक खोडायचा आणि तुमचं नाव लिहायचं. पहिल्या, दुसऱ्या ठिकाणी काही झालं नाही. पाचव्याला अक्षरं दिसेनाशी झाली, आणि मग मला जे रडू आलं ते आईने बाहेरून ऐकलं असणार, कारण तिने हळूच दार ओढून घेतलं.

अकराही झाली, काकाजी. बँकेच्या कागदावरून तुमचं नाव आता निघेल. या कागदावर राहील.